जठराच्या नाक्यावरील अडथळा

घरातल्या वृद्ध माणसाला उलटी झाली, तर तिचा फारसा बोभाटा होत नाही. रात्रीचे जेवण जड झाले असेल, पित्त उसळले असेल, वयोमानाने अग्नी मंदावला असेल, अशी तीन-चार तयार कारणे प्रत्येक कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात, आणि त्यांतले एखादे पुढे करून, चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यातून देऊन, प्रकरण दप्तरी दाखल केले जाते. पुढल्या आठवड्यात तीच उलटी पुन्हा होते. आजोबा आपण होऊनच रात्रीचे जेवण सोडतात, दोन घास खाताच पोट भरल्याचे सांगून पाटावरून उठतात, आणि घरची माणसे त्याचे श्रेय त्यांच्या मिताहाराला देतात. महिना-दीड महिना असा गेल्यावर सुनेच्या किंवा नातवाच्या लक्षात येते की, काल दुपारी खाल्लेला भात आज पहाटे जसाच्या तसा बाहेर पडला. लखनौच्या मोठ्या रुग्णालयांत बहराइच, गोंडा, हरदोई, सीतापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांची जबानी घेताना डॉक्टर ज्या एका वाक्याची वाट पाहत असतात, ते हेच होय. कारण कालचे अन्न आज, आणि तेही पित्ताचा हिरवा-पिवळा रंग न लागलेले, बाहेर पडणे याचा अर्थ ते जठराच्या पुढे गेलेच नाही, असा जवळजवळ निश्चितपणे करता येतो.

जठराचे खालचे तोंड, ज्याला शरीरशास्त्रात जठरनिर्गम म्हणतात, ते जकातीच्या नाक्यासारखे काम करते. आलेला माल एकदम पुढे न सोडता, तो घुसळून, पातळ करून, थोडा थोडा आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, पाठवावयाचा आणि पुढची व्यवस्था गडबडली असेल तर काही काळ रोखून धरावयाचा, हा त्याचा नित्याचा अंमल. हे तोंड व्रणाच्या वणाने आक्रसले, कर्करोगाच्या गाठीने बुजले, किंवा बाहेरून एखाद्या वाढत्या पिंडाने दाबले गेले, म्हणजे जो विकार उत्पन्न होतो तो जठरनिर्गम-रोध. लाळ आणि जठररस मिळून दिवसाकाठी अडीच-तीन लिटर द्रव जठरात उतरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे, माणूस काही न खातापिताही भांडे भरून ओकतो कसा, याचे आश्चर्य वाटेनासे होते. प्रारंभी जठराचे स्नायू अडथळ्याशी झुंज देतात, अधिक जोराने आकुंचन पावतात. पुढे ते थकतात, जठर सैलावत जाऊन बेंबीच्याही खाली लोंबू लागते, आणि मग उलट्यांची संख्या कमी होऊन प्रत्येक उलटीचा आकार मात्र वाढतो. ‘आता दिवसातून एकदाच होते’ असे समाधानाने सांगणाऱ्या नातेवाइकांना ही सुधारणा नसून अधोगती आहे, हे समजावून सांगावे लागते.

लखनौ हे शहर मराठी माणसाला अगदीच परके नाही. १९२६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, आणि खानापूर-विटा-आटपाडीकडची सोन्याचांदीची गलाई करणारी कुटुंबे उत्तरेतल्या सराफ्यांत पसरली, त्यांतली काही तिथल्या चौकातही स्थिरावली. वैद्यकाच्या क्षेत्रात या शहराचा दर्जा फार जुना: किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ मध्ये त्या वेळच्या युवराजांच्या हस्ते बसली आणि १९११ पासून तेथे अध्यापन सुरू झाले, रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर संस्था त्यामानाने अलीकडची, १९८०च्या दशकातली, पण पचनसंस्थेच्या विकारांसाठी पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, नेपाळच्या तराईतूनही रुग्ण तिच्या दारात येतात. गंगेच्या या खोऱ्यात जठरनिर्गम-रोधाचा विचार करताना एका स्थानिक गोष्टीची दखल घ्यावीच लागते, आणि ती म्हणजे पित्ताशयाचा कर्करोग. उत्तर हिंदुस्थानातील स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. पित्ताशय आद्यांत्राला खेटून असते. त्यात वाढलेली गाठ शेजारच्या आद्यांत्रात शिरते, नाका बाहेरून बंद पाडते, आणि पुष्कळदा त्याच सुमारास पित्तवाहिनीही दाबून काविळीला आमंत्रण देते. म्हणून लखनौच्या वॉर्डात साठीपुढली एखादी बाई अन्न खाली उतरत नाही म्हणून आली, आणि तिच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली, तर तेथला डॉक्टर जठराइतकेच लक्ष उजव्या बरगडीखाली देतो. मुंबई-पुण्याच्या डॉक्टराच्या मनात ही शंका त्याच क्रमाने येईलच असे नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी चित्र निराळे होते. त्या काळी जठरनिर्गम-रोध म्हटला की, वर्षानुवर्षे भळभळणाऱ्या आद्यांत्र-व्रणाचा वण, असेच समीकरण असे. भारतीय रेल्वेच्या वैद्यकसेवेतील मल्होत्रा यांनी १९६०च्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून असे दाखविले की, हा व्रण दक्षिणेकडील भातखाऊ प्रदेशात विपुल आणि उत्तरेकडील गहूखाऊ प्रदेशात विरळ आहे. पुढे आम्लनिर्मितीला पायबंद घालणारी औषधे आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी व्रणाच्या मुळाशी असलेला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू ओळखला, आणि ज्या व्याधीसाठी शल्यवैद्यांचे हात वर्षानुवर्षे गुंतून पडत, ती दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होऊ लागली. व्रण मागे हटला तशी मोकळी झालेली जागा कर्करोगाने घेतली. श्रीमंत पाश्चात्त्य देशांतच हे घडले, आपल्याकडे अजून व्रणाचेच राज्य आहे, अशी समजूत काही काळ होती. पण १९९८ मध्ये अलाहाबादच्या मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्डोस्कोपी’ या नियतकालिकात आपल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून, विकसनशील देशातही कर्करोग हेच या रोधाचे प्रमुख कारण ठरले आहे, असा स्पष्ट दाखला दिला. तेव्हापासून वृद्ध रुग्णाच्या बाबतीत प्रघात असा की, अडथळा कर्करोगाचा नाही हे सिद्ध होईपर्यंत तो कर्करोगाचाच आहे असे धरून चालावे.

तरीही व्रण नामशेष झालेला नाही; त्याने वाट तेवढी बदलली आहे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि हृदयासाठी रोज घ्यावयाची ॲस्पिरिन, या दोहोंची जोडी म्हाताऱ्या जठराला फार घातक ठरते; आणि वेदनाच दाबली गेल्यामुळे व्रणाची कळही जाणवत नाही, एकदम रोधच पुढे येतो. याशिवाय काही विरळ कारणे आहेत. मोठा पित्तखडा पित्ताशयाची भिंत झिजवून थेट आद्यांत्रात उतरतो आणि तेथे बूच बसल्यासारखा अडकतो. फ्रेंच वैद्य बूव्हरे यांनी १८९६ मध्ये वर्णिलेला हा प्रकार मुख्यतः वयस्कर स्त्रियांतच आढळतो. क्षय जठराच्या तोंडाशी क्वचित बसतो, पण आपल्या देशात त्याला वगळून चालत नाही. आणि तेजाब. शौचकूप धुण्याचे किंवा सराफी कामाचे ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची जी खोड आपल्या घरांना आणि दुकानांना जडली आहे, तिची किंमत अधू दृष्टीच्या म्हाताऱ्याला मोजावी लागते: गिळलेले ॲसिड जठराच्या उतारावरून ओघळत नेमके निर्गमापाशी साचते, तेथील पेशी जाळते, आणि काही आठवड्यांनी, सर्व काही निभावले असे वाटत असताना, वण आक्रसून वाट बंद होते.

निदानाची पहिली पायरी यंत्रावर अवलंबून नाही, हे मला या विकाराचे सर्वांत लोभस वैशिष्ट्य वाटते. उलटी जेवणानंतर किती वेळाने होते, तिच्यात कधीचे अन्न असते, तिला कुजकट वास येतो काय, ती झाल्यावर हायसे वाटते काय, अंगरखा सैल झाला काय, हे पाच प्रश्न शांतपणे विचारले आणि म्हाताऱ्याला त्याच्या गतीने उत्तरे देऊ दिली, तर अर्धे काम होते. मग रुग्णाला उताणे निजवून, पोटावर तिरपा उजेड पडेल अशा बेताने, पायथ्याशी उभे राहून दोन मिनिटे नुसते पाहावयाचे. कृश झालेल्या पोटाच्या कातडीखाली डाव्या बरगडीपासून उजवीकडे एक फुगवटा सावकाश सरकत जातो, मावळतो, आणि पुन्हा डावीकडून निघतो. जठराची ती निष्फळ झुंज डोळ्यांना दिसते. त्यानंतर पोटावर स्टेथोस्कोप ठेवून दोन्ही हातांनी कंबर हलकेच हलवावी. जेवून तीन-चार तास उलटले असूनही आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, तर जठर रिकामे होत नाही याची साक्ष मिळाली. अडथळा किती आहे हे मोजण्याची एक जुनी, स्वस्त कसोटीही आहे: नळीने जठर रिकामे करून त्यात साडेसातशे मिलिलिटर मिठाचे पाणी सोडावयाचे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओढून घ्यावयाचे, चारशेहून अधिक परत आले, तर वाट अडलेली आहे. मात्र म्हातारे माणूस ही चिन्हे चारचौघांसारखी दाखवीलच असा भरवसा नसतो. कोणी नुसता ग्लानीत जातो, कोणी असंबद्ध बोलू लागतो, कोणी तोल जाऊन पडतो आणि खुब्याचे हाड मोडून अस्थिरोगाच्या वॉर्डात दाखल होतो, आणि उलट्यांची हकीकत तेथे चौथ्या दिवशी कोणाला तरी आठवते.

ही ग्लानी येते रक्तातील क्षारांच्या उलथापालथीमुळे, आणि ती उलथापालथ समजून घेण्याजोगी आहे. उलटीतून हायड्रोक्लोरिक आम्ल जाते, म्हणजे शरीर आम्ल आणि क्लोराइड दोन्ही गमावते. रक्त क्षारधर्मी बनते. मूत्रपिंडे प्रथम इमानाने जादा क्षार लघवीवाटे टाकीत राहतात. पण पाणी जसजसे आटते तसतसा त्यांचा सर्व रोख शरीरातील सोडियम व पाणी वाचविण्याकडे वळतो; त्या मोबदल्यात ती पोटॅशियम सोडतात, आणि पोटॅशियमचा साठा खालावला म्हणजे आम्लही सोडू लागतात. परिणामी रक्त क्षारधर्मी असताना लघवी मात्र आम्लधर्मी, अशी विपरीत अवस्था उद्भवते. पोटॅशियम उतरल्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात. रुग्ण हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल तर हा धोका दुणावतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर ती या गळतीत भरच घालते. बोटे आखडणे, हातापायांत वांब येणे, ही याच बिघाडाची लक्षणे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८६९ मध्येच विस्तारलेल्या जठराच्या रुग्णांत ती नोंदविली होती, आणि अशा जठरात नळी घालून ते रिकामे करण्याची रीतही त्यांनीच रूढ केली. घरगुती सोड्याची चिमूट का घातक, हेही येथेच उलगडते: जेथे रक्त आधीच क्षारधर्मी आहे, तेथे आपण आणखी क्षार ओततो.

म्हणून या आजारात क्रमाला अतोनात महत्त्व आहे, आणि नातेवाइकांची घाई नेमकी त्याच क्रमावर घाला घालते. लांबचा प्रवास करून, शेताचा तुकडा गहाण टाकून आलेल्या माणसांना वाटते की, आजच्या आज दुर्बीण घालावी, उद्या ऑपरेशन व्हावे. वास्तविक पहिले दोन-तीन दिवस नाकातली नळी, शेकडा ०.९ प्रमाणाचे मिठाचे पाणी, आणि लघवी सुरू झाल्याची खात्री पटताच थेंबाथेंबाने दिलेले पोटॅशियम, एवढाच उपचार असतो, व तोच प्राण वाचवितो. जठर तुडुंब भरलेले असताना दुर्बीण घातली, तर आतले साचलेले पाणी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसदाह होण्याचे भय असते, आणि दुर्बिणीला चार दिवसांच्या शिळ्या भाताखेरीज काही दिसतही नाही. नाकातली ही नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, बारीक असते, भाताच्या शितांनी ती तुंबते. तेव्हा तोंडावाटे जाड नळी घालून जठर धुवून काढावे लागते. उलट, वृद्धाच्या हृदयाला पाण्याचा लोंढाही सोसवत नाही. धाप लागते काय, पाय सुजतात काय, लघवी तासाला किती होते, याचा हिशेब नर्सला चोख ठेवावा लागतो. दीर्घकाळ उपाशी असलेल्याला साखरेचे पाणी चढविण्यापूर्वी थायमिन द्यावे लागते, कारण ते न देता साखर दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि अन्न पूर्ववत सुरू करतानाही मात्रा हळूहळूच वाढवावी लागते, नाही तर रक्तातील फॉस्फेट एकाएकी कोसळून, उपासाने न गेलेला माणूस जेवणाने जातो. तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचेही तेच: त्या जठरातच पडून राहतात. रक्तदाब, मधुमेह, कंपवात यांची औषधे ‘नियमित चालू आहेत’ असे घरचे सांगतात, पण ती आतड्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात.

जठर स्वच्छ झाले की दुर्बीण. ती अडथळा पाहते, त्याचे तुकडे काढून तपासणीला पाठविते. येथे एक सावधगिरी अवश्य आहे: तुकड्यांत कर्करोग आढळला नाही म्हणजे तो नाहीच, असे नव्हे. काही कर्करोग वरच्या अस्तराला धक्का न लावता भिंतीच्या गाभ्यात पसरतात. पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा दाब तर बाहेरूनच असतो. म्हणून सीटी स्कॅन, आणि संशय न फिटल्यास पुन्हा तुकडे. कधी असेही होते की दुर्बीण विनासायास आद्यांत्रात उतरते, अडथळा कोठेच नसतो, आणि बावीस वर्षांच्या मधुमेहाने जठराच्या मज्जातंतूच निकामी केल्याचे निष्पन्न होते. मग उपचाराचा सगळा रोखच बदलतो.

कारण व्रणाचे ठरले, तर पुष्कळदा शस्त्राची गरज पडत नाही. ताज्या व्रणाभोवतीची सूज हीच वाट अडविणारी असते. आम्लरोधक औषधे शिरेतून दिली, जंतूचा नायनाट केला, वेदनाशामके कायमची बंद केली, की काही दिवसांत नाका आपोआप सैल होतो. वणच पक्का असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून टप्प्याटप्प्याने वाट रुंदावतात, आणि तेही न साधल्यास शस्त्रक्रिया. या शस्त्रक्रियेचा इतिहास १८८१ या एकाच वर्षात जणू एकवटला आहे. त्या वर्षी २९ जानेवारीला व्हिएन्नात बिलरोथ यांनी थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या स्त्रीचा कर्करोगाने ग्रासलेला जठरनिर्गम कापून काढला आणि उरलेले जठर आद्यांत्राला जोडले; रिडिगिअर आणि पॅरिसचे पेआं या शल्यवैद्यांचे रुग्ण अशाच प्रयत्नांत यापूर्वी दगावले होते, ही स्त्री जगली, पण रोग उलटून चारेक महिन्यांनी वारली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बिलरोथ यांचे साहाय्यक वोल्फ्लर यांनी, गाठ काढणे अशक्य दिसल्यावर, तिला हात न लावता जठर व लहान आतडे यांच्यामध्ये नवा रस्ता जोडून दिला. बंद नाक्याला वळसा घालण्याची ही युक्ती आजतागायत टिकून आहे.

न काढता येण्याजोग्या कर्करोगात आज वोल्फ्लरच्या त्या वळणरस्त्याला स्टेंटची स्पर्धा आहे: दुर्बिणीतून घातलेली, आपोआप उमलणारी धातूची जाळीदार नळी, जी पोट न उघडता वाट मोकळी करते. स्टेंट घातलेला माणूस लवकर जेवू लागतो, लवकर घरी जातो. परंतु काही काळाने गाठ जाळीतून आत वाढते किंवा जाळी सरकते, आणि पुन्हा तोच खटाटोप करावा लागतो. शस्त्रक्रियेने केलेली वाट उशिरा चालू होते, पण अधिक काळ टिकते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासाने, रुग्ण जेमतेम ३९ असले तरी, एक व्यवहार्य दंडक घालून दिला: दोन महिन्यांहून अधिक आयुष्याची आशा असेल तर वळणरस्ता, नसेल तर स्टेंट. अलीकडे दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे यंत्र बसवून, आतूनच जठर व आतडे एकमेकांना जोडण्याची तिसरी रीतही पुढे येत आहे. तिच्यासाठी लागणारे कसब आणि खर्च दोन्ही अजून मोठ्या केंद्रांपुरते आहेत.

पण दंडक डच असो की देशी, बहराइचच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत त्यात आणखी दोन-तीन कलमे घालावी लागतात. जाळी बुजल्यास परत येण्याला त्याच्यापाशी पैसा आणि सोबत आहे काय? तो स्वतःच्या पायांनी चालत आला, की खाटेवरून आणला गेला? वयाचा आकडा येथे फसवा आहे. शेतात राबणारा पंच्याहत्तरीचा माणूस शस्त्रक्रिया सोसतो आणि अंथरुणाला खिळलेला पासष्टीचा सोसत नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याला स्वतःला कोणी विचारले आहे काय? आपल्याकडे मुलगा डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणतो, बाबूजींना काही सांगू नका. मग मसलत वऱ्हांड्यात होते, आणि ज्याचे जठर आहे तो खाटेवर छताकडे पाहत पडून राहतो. ही रीत मायेपोटी आलेली आहे हे मान्य करूनही मला ती अन्यायाची वाटते. माझ्या मते, रोगाचे नाव ऐकावयाचे की नाही याचा अखत्यार त्याचा. आणि पोट फाडून घ्यावयाचे, जाळी बसवावयाची, की नळी काढून गावी जावयाचे, या प्रश्नावर त्याचे मत बहुधा घरच्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक स्पष्ट असते.

घरी सोडताना लिहून देण्याचा तपशील साधा, पण चुकवू नये असा आहे. स्टेंट असेल तर पातळ, मऊ, चावून गिळलेले अन्न: गाळलेली डाळ, मऊ खिचडी, दही, अंड्याचा बलक. पोळीचे मोठे तुकडे, पालेभाजीचे दोरे, संत्र्याच्या फोडींची साले यांनी जाळी चोंदते. एकदम भरपेट जेवण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा थोडे थोडे, बसून, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे न होणे. व्रणाच्या रुग्णाने गुडघ्यासाठी पुन्हा त्या गोळ्या घेऊ नयेत, म्हणून औषधवाल्याच्या नावे स्वतंत्र चिठ्ठी दिलेली बरी. औषधांचा क्रम संपल्यावर जंतू खरोखर गेला की नाही याची तपासणी होते. आणि व्रण जठरातच असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तो भरून आला की नाही हे पाहतात, कारण न भरणाऱ्या व्रणाच्या तळाशी कर्करोग दडलेला असू शकतो.